शोकाच्या रीती



स्मृतिव्याख्यान हीदेखील शोकाचीच एक रीत आहे. दिवंगत गुरूंसाठी कोणी अश्रू ढाळतो, कोणी एखाद्या गरीब मुलाच्या फीची सोय करतो, कोणी नुसता मागच्या बाकावर येऊन बसतो. यांतील कोणाचे प्रेम अधिक, हे मोजण्याचे माप आपल्याजवळ नाही. तरीही आपण ते मोजत असतो, आणि त्यातून अन्याय घडतो, असे मला वाटते.

इंदूरकरांस उदाहरण दूर शोधावयास नको. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले. पुत्रशोकाने मल्हाररावांनी कुंभेरची माती यमुनेत टाकण्याची प्रतिज्ञा केली, अशी आख्यायिका आहे. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मात्र त्यांनीच विनवून थांबविले. एकाच पित्याचा शोक असा क्रोधातूनही प्रकटला आणि आर्जवातूनही.

पुढे १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती गेल्या. जॉन माल्कम यांनी १८२३ च्या आपल्या ग्रंथात हा प्रसंग नोंदविला आहे. कन्येला परावृत्त करण्याचे अहिल्याबाईंचे प्रयत्न व्यर्थ गेले. चितेपाशी त्यांनी आक्रोश केला. मग तीन दिवस जवळजवळ निराहार राहून त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. आणि त्यानंतर दिवंगतांचे स्मारक उभारण्यात त्यांनी सांत्वन शोधले. आक्रोश, मौन आणि कर्म! त्यांचे केवळ मौन पाहणाऱ्यास किंवा केवळ बांधकाम पाहणाऱ्यास त्या मातेचे हृदय कितपत कळले असते?

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडले की, शोकाकुल मन कधी गमावलेल्याकडे वळते, तर कधी पुढील जगण्याकडे. हे हेलकावे स्वाभाविकच असतात. म्हणून कामात गढलेला मनुष्य निष्ठुर ठरत नाही, आणि वारंवार रडणारा दुबळाही ठरत नाही. मात्र अन्न, झोप आणि नित्यव्यवहार दीर्घकाळ सुटले, तर वैद्यकीय साहाय्य घेण्यात संकोच नसावा.

शिक्षकबंधूंना माझी एक विनंती आहे. वडील गेल्यावर आठवड्याने वर्गात परतलेला मुलगा खेळताना हसला, तर त्याला ‘याला काहीच कसे वाटत नाही’ असे म्हणू नये. तो रडत बसला, तर ‘आता पुरे’ असेही म्हणू नये. त्याच्याजवळ थोडा वेळ बसावे. बोलावयाचे की नाही, हे त्याला ठरवू द्यावे.