वस्तू आपली, फोटो कोणाचा?

(बचत गटांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या काही वर्षांत आपल्या गटांचा माल आठवडी बाजारातून मोबाईलवरच्या बाजारात पोहोचला आहे. वारली चित्रांचे ट्रे, बांबूच्या टोपल्या, नागलीचे पापड आता दूरच्या शहरांत जातात. आठवडी बाजारात गिऱ्हाईक टोपली हातात घेते, दाबून पाहते, मग भाव करते. मोबाईलवर त्याला फक्त फोटो दिसतो आणि फोटो बघूनच ते पैसे भरते. या बाजारात फोटो हेच आपले दुकान आहे. मग या दुकानाचा मालक कोण, हे आज आपण समजून घेऊ.

मागच्या वर्षी आपल्या भागातल्या एका गटाला एका गिऱ्हाइकाचा रागाचा फोन आला. हाताने रंगवलेला ट्रे म्हणून त्याने पैसे भरले होते आणि हातात आला तो छापील कागद चिकटवलेला. गटातल्या बायका बुचकळ्यात पडल्या, कारण त्यांनी तसा ट्रे कधी केलाच नव्हता. शोध घेतल्यावर कळले, की एका दूरच्या विक्रेत्याने त्यांचे फोटो उचलून आपल्या मालाला लावले होते. फोटोत मागे गटाची पाटी दिसत होती. तिच्यावरचा नंबर वाचून गिऱ्हाइकाने फोन केला होता.

बायकांनी त्या विक्रेत्याला जाब विचारला. तो म्हणाला, "हे फोटो तुमचे कशावरून?" इथे गट अडला. फोटो शहरातून आलेल्या एका तरुणाने हौसेने, फुकट काढून दिले होते. मूळ फोटो त्याच्याकडे होते आणि गटाकडे व्हॉट्सअॅपवर आलेल्या प्रती. त्या तरुणाने नंतर कागदावर सही करून दिली आणि ते फोटो साइटवरून उतरले. पण तोवर दिवाळीच्या ऑर्डरी निघून गेल्या होत्या.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या देशात कॉपीराइट कायदा १९५७ पासून आहे. त्यानुसार ट्रेवरच्या चित्राचा हक्क वेगळा आणि त्या ट्रेच्या फोटोचा हक्क वेगळा. चित्र काढणारी एक असेल आणि फोटो काढणारा दुसरा, तर दोन हक्कांचे दोन मालक असू शकतात. ट्रे विकला म्हणून चित्राचा हक्क गिऱ्हाइकाकडे जात नाही. मात्र कोणी ऑर्डर देऊन, पैसे मोजून खास चित्र काढून घेतले, तर वेगळे ठरले नसेल तेव्हा हक्क त्या ऑर्डर देणाऱ्याचा होतो. म्हणून मोठी ऑर्डर घेताना हक्क कोणाचा, हे आधी लिहून घ्या.

फोटोचेही असेच आहे. तुमच्या गटातल्या बाईने स्वतः फोटो काढला, तर हक्क तिचा. बाजारातल्या फोटोवाल्याला पैसे देऊन काढून घेतला आणि उलट काही ठरले नसेल, तर हक्क तुमचा. कोणी फुकट काढून दिला, तर हक्क काढणाऱ्याचा. त्याने तोंडी "घ्या वापरा" म्हटले म्हणून मालकी तुमची होत नाही. मालकी द्यायची तर लेखी कागद लागतो आणि त्यावर त्याची सही लागते. कोणते फोटो, कोणता हक्क, किती वर्षांसाठी, कुठे वापरण्यासाठी आणि किती मोबदल्यात, हे सारे त्या कागदात असावे. मुदत लिहिली नाही, तर कायदा ती फक्त ५ वर्षांची धरतो.

हक्क मिळण्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. फोटो काढला त्या क्षणी हक्क तयार होतो. नोंदणी केली तर वादात पुरावा म्हणून तिचा उपयोग होतो.

पुष्कळ बायका विचारतात, "ताई, आपल्या वारली चित्रांना जीआय मानांकन आहे ना? मग भीती कसली?" मानांकन आहे, त्याचा अभिमान आहे. पण ते वारली चित्रकला या नावाचे रक्षण करते. तुमच्या ट्रेच्या फोटोचे रक्षण ते करत नाही.

आणखी एक गोष्ट. साइटवर माल लावताना आपण "मान्य आहे" हे बटण दाबतो. त्याने फोटोची मालकी सहसा जात नाही, पण फोटो वापरण्याची मोठी परवानगी आपण कंपनीला देतो. काही साइटवर एका वस्तूचे एकच पान असते आणि त्याच पानावर दुसरे विक्रेतेही आपला माल जोडतात. फोटो तुमचा राहतो आणि विक्री दुसऱ्याची होते.

असाच वाद २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला होता. 'व्ही ट्रॅडिशन' या नावाने बायकांचे कपडे विकणाऱ्या विक्रेत्याने फ्लिपकार्टविरुद्ध दाद मागितली होती. त्याच्या नावाला आणि फोटोंना चिकटून दुसरे विक्रेते आपला माल विकत होते. न्यायालयाने तात्पुरत्या मनाईहुकमाने हे चिकटणे थांबवायला लावले. म्हणजे लहान विक्रेत्याचेही न्यायालय ऐकते. पण त्याच्या हातात पुरावा हवा.

तो पुरावा आजपासून जमवू या. गटातल्या दोघी-तिघींनी फोटो काढायला शिकावे. फोन साधा चालेल, उजेड दाराशी भरपूर असतो. मूळ फोटो फोनमधून पुसू नका. एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा, कारण व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती बहुधा निघून जाते. गटाच्या वहीत एक पान करा: कोणता फोटो, कोणी काढला, कोणत्या तारखेला. फोटोत गटाचे नाव वस्तूच्या जवळ ठेवा, कडेला ठेवले तर कापून टाकता येते.

कोणी फोटो उचललाच, तर भांडण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, तारखेसह. मग साइटच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. फसलेल्या गिऱ्हाइकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर द्या. त्याची तक्रार तुमच्याही उपयोगी पडते. एवढ्याने भागले नाही, तर विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यांचा नंबर १५१००. कॉपीराइटचा दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही लावता येतो. कंपनीच्या शहरात खेटे घालायची गरज नाही.

शेवटी कार्यकर्ते बंधुभगिनींना एक विनंती. पगारी कार्यकर्त्याने कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोचा हक्क कायद्याने संस्थेचा होतो. म्हणजे बायकांच्या मालाचे कितीतरी फोटो आज कागदोपत्री आपल्या संस्थेचे आहेत. संस्थेचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण उद्या एखादा गट संस्थेपासून वेगळा होऊन स्वतःच्या पायावर उभा राहिला, तर त्याचे दुकान आपल्या कपाटात अडकून पडू नये. प्रत्येक गटाच्या मालाच्या फोटोंचा हक्क सहीनिशी त्या गटाला द्यावा आणि मूळ फोटोही सोपवावेत, असा ठराव मी समितीपुढे मांडणार आहे. आपण सर्वांनी त्याला पाठिंबा द्यावा.

आपल्या आजीच्या काळात जमिनीचा सातबारा सावकाराकडे राहिला, तर जमीन कसूनही घर उपाशी राहायचे. आज गटाच्या वहीतले ते एक पान नीट सांभाळा. जोहार.