तिकांडं कललं, उठा माऊली



मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. घड्याळ हाताला लागलं ते पुष्कळ उशिरा. त्याआधी आमचं घड्याळ वर आभाळात. वडलांबरोबर कार्तिकीला पायी निघायचो, तेव्हा मुक्कामावर विणेकरी बाबा वर बघून हाक द्यायचे, "तिकांडं कललं, उठा माऊली."

तिकांडं म्हणजे मृगातल्या एका रेषेतल्या तीन चांदण्या. कार्तिकात त्या मध्यरात्र टळल्यावर माथ्याकडं येतात. मावळतीला झुकल्या की काकड्याची वेळ झाली. आषाढीला आभाळ ढगानं भरलेलं, हे सुख कार्तिकीचंच. महिन्याचं नावसुद्धा कृत्तिकेवरनं पडलं, कारण पुनवेचा चंद्र तिच्याजवळ असतो. दिवस मावळला की ती उगवतीला येते अन् रात्रभर सोबत करते.

गेल्या कार्तिकीला नातू म्हणाला, "आबा, तिकांडं दाखवा की." मी वर बघितलं. डोळ्यात नुसता फोकस. एक चांदणी धड दिसंना. आणि तो फोकस, मंडळी, मीच आणलेला, दारोदार वर्गणी मागून! दोष कुणाला देऊ?

त्याच रात्री कीर्तन उठल्यावर जनरेटरचं डिझेल संपलं. आधी आरडाओरडा झाला. चौथीची चंद्रकोर कधीच मावळलेली. अर्ध्या तासानं डोळं अंधाराला सरावलं, अन् तिकांडं उगवतीला कासराभर वर उभं! नातू गप्पच झाला. मग म्हणाला, "आबा, हे रोज असतं?" म्हणलं, "रोज असतं बाळा. आम्हीच झाकून ठेवलं."

उजेड नको असं मी म्हणत नाही. आयाबाया आहेत, म्हातारी माणसं आहेत, पायाखाली विंचू-काटा आहे. पण उजेड पायाला पाहिजे, आभाळाला कशाला? काजवासुद्धा आपली जोडी उजेडाच्या खुणेनं हुडकतो. आपल्या झगझगाटात त्याची खूण हरवते. विदर्भातल्या पेंचच्या जंगलाला २०२४ साली काळोख राखणारं देशातलं पहिलं उद्यान म्हणून मान मिळाला. जंगल राखतं, मग आपली दिंडी का नाही?

माझं मागणं एवढंच. फोकसाचं तोंड खाली करा, वर पत्र्याची टोपी घाला. पंगत अन् कीर्तन उरकलं की मोठे दिवे बंद, वाटेवरचे बारके तेवढे चालू. शंभर वर्षांमागं ही दिंडी निघाली ती चांदण्यांच्या सोबतीनं. पुढच्या शंभरीतल्या एखाद्या लेकरालाही वर बघून हाक देता आली पाहिजे.

बोलण्यात चुकलंमाकलं असंल तर पदरात घ्या.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!