जोडी फोडू नका

बैलांची जोडी फोडू नये, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगत आली आहेत. वर्षानुवर्षं एका जुवाखाली चाललेल्या बैलांपैकी एक विकला, की दुसरा वैरणीला तोंड लावत नाही, हे तुमच्यापैकी कितीकांनी गोठ्यात पाहिलं असेल. आज मी ज्या जोडीविषयी बोलणार आहे ती अंगाने लहान आहे. ती आहे आसरा गमावलेल्या दोन छोट्या कुत्र्यांची.

शहरात पांढरी, केसाळ, मांडीवर मावतील अशी कुत्री हौसेने विकत घेतली जातात. पुढे बदली होते, घर लहान पडतं, सांभाळणारं म्हातारं माणूस जातं, आणि हौस संपते. मग ही कुत्री प्राण्यांच्या निवाऱ्यात येतात, नाहीतर हमरस्त्यावरच्या ढाब्यापाशी कुणी सोडून जातं. आपल्या गावठी पिल्लांचीही गत निराळी नाही. आई गाडीखाली सापडते आणि दोन पिल्लं शाळेच्या ओट्याखाली एकमेकांना बिलगून बसतात. एखादा दयाळू गृहस्थ येतो, त्यातलं देखणं पिल्लू उचलतो, आणि दुसरं तिथेच राहतं. त्याचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही.

अशा सोबतीचं एक जुनं उदाहरण अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरातलं आहे. तिथे १८६१ साली बमर नावाच्या एका भटक्या कुत्र्याने झुंजीत घायाळ झालेल्या दुसऱ्या कुत्र्याला वाचवलं. त्याला खाणं आणून दिलं, रात्री अंगाशी घेऊन ऊब दिली, असं तिथल्या वर्तमानपत्रांनी लिहिलं. त्या दुसऱ्याचं नाव पडलं लाझरस. दोघं मिळून शहरातले उंदीर मारीत. १८६२ साली कुत्री पकडणाऱ्याने लाझरसला नेलं, तेव्हा नागरिकांनीच गलका करून त्याला सोडवून आणलं.

आता तुम्ही म्हणाल, दोन कुत्री एकत्र दिसली म्हणजे ती जोडीच झाली का? तसं नाही. पारख करावी लागते. दोघांना तासभर वेगळ्या खोल्यांत ठेवून बघा. एक दाराशी केकाटत राहिलं, समोरचं खाणं तसंच ठेवलं, आणि भेट होताच एकमेकांना चाटू लागली, तर ती खरी जोडी समजावी. कधी त्यातलं एक आंधळं असतं आणि दुसऱ्याच्या मागोमाग चालतं. पण एक सारखं गुरगुरतं, दुसऱ्याचं खाणं हिसकावतं आणि दुसरं कोपऱ्यात दबून बसतं, असं दिसलं, तर त्यांना वेगळी घरं देणं हीच दया आहे.

जोडी खरी असेल, तर दोघांना एकाच दिवशी, एकाच घरी न्या. त्यांचं जुनं फडकं किंवा पोतं बरोबर घ्या. त्या वासाने नवी पडवी त्यांना आपली वाटते. ताटल्या मात्र दोन ठेवा, आणि त्या अंतरावर ठेवा. रोज थोडा वेळ एकेकाला नावाने हाक मारून वेगळं जवळ घ्या. नाहीतर ती एकमेकांतच रमतात आणि माणसाचं ऐकत नाहीत. भाकरी ताकात कुस्करून द्या, जोडीला कधी उकडलेलं अंडं द्या. कांदा-लसणाचं कालवण, मनुका आणि चॉकलेट देऊ नका. हे पदार्थ कुत्र्याला बाधतात. केसाळ कुत्र्याच्या कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड रोज तपासा.

जुन्नर, अकोले, संगमनेरकडच्या शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको. उसातून येणारा बिबट्या कुत्रं उचलून नेतो. छोटी जोडी रात्री अंगणात बांधून ठेवू नका, दाराच्या आत घ्या.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं, की गुरांच्या दवाखान्यात नेऊन पिसाळण्याविरुद्धची लस टोचून घ्या. पुढचे डोस डॉक्टर सांगतील तेव्हा द्या. जोडी नर-मादीची असेल तर दोघांची नसबंदी करा. भावंडं आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. कुत्र्यांत ते नातं पाळलं जात नाही. मादी साधारण त्रेसष्ट दिवसांत विते, आणि मग सोडून दिलेल्या पिल्लांचा फेरा पुन्हा आपल्याच दारातून सुरू होतो.

शिक्षक मित्रांनो, तुमच्यावर एक काम सोपवतो. कुत्रं खात असताना किंवा झोपलेलं असताना त्याला हात लावायचा नाही, हे मुलांना शिकवा. चावलंच, तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. चुना, तिखट, हळद काही भरायचं नाही. तडक सरकारी दवाखाना गाठायचा. पाश्चरने १८८५ साली ही लस पहिल्यांदा एका मुलाला टोचली. आज ती आपल्याकडे मिळते. पण रोगाची लक्षणं एकदा दिसली, की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून वेळ दवडायची नाही.

शेवटी हिशेबाची गोष्ट. दोन कुत्री म्हणजे दोन ताटल्या, दोन लशी आणि दुप्पट खर्च. लहान जातीचं कुत्रं बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. तेव्हा घरात सगळ्यांना विचारून, खिसा चाचपून मगच हो म्हणा. पाळलेला प्राणी विनाकारण वाऱ्यावर सोडून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. झेपत नसेल तर दोघांना घेईल असं दुसरं घर शोधून द्या. तेही मोठं काम आहे. मात्र एकाला कडेवर घेऊन दुसऱ्याकडे पाठ फिरवू नका. ज्यांनी आपलं सगळं गमावलं, त्यांच्यापाशी एकमेकांची सोबत तेवढी उरली आहे. ती आपल्या हातून हिरावली जाऊ नये.