डोंगरवाटेवरचा हक्क

एखादी वस्तू जिथं जन्मली तिथंच तिला मज्जाव व्हावा, असं सहसा घडत नाही. माउंटन बाइकच्या, म्हणजे डोंगरात चालवायच्या सायकलीच्या नशिबी मात्र ते आलं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी आहे. तिथल्या फेअरफॅक्स गावाजवळच्या उतरणीवर १९७६ मध्ये काही तरुणांनी जाड टायरांच्या जुन्या सायकलींच्या शर्यती सुरू केल्या. उतार असा, की ब्रेकमधलं ग्रीस जळून जाई आणि खाली पोचल्यावर पुन्हा भरावं लागे. त्यावरून रस्त्याचं नावच ‘रिपॅक’ पडलं. हे वेड तिथून जगभर पसरलं.

पण शेजारच्या माउंट टॅमलपायस डोंगरावर पायी फिरणारे आणि घोडेस्वार फार आधीपासून होते. वळणावर अचानक सायकल अंगावर आली की म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धस्स होणारच. तक्रारी वाढल्या, अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. वणव्याच्या गाड्यांसाठी राखलेले रुंद कच्चे रस्ते तेवढे उरले. त्यावरही ताशी १५ मैलांची मर्यादा घातली गेली.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं त्या भागात होतो. सुटीच्या दिवशी सायकल घेऊन डोंगरात जायचो, त्यामुळे हा वाद जवळून पाहिला. सायकलवाल्यांत दोन तट होते. एक तट काळोखात बंद वाटांवर घुसायचा. दुसरा संध्याकाळच्या कंटाळवाण्या सभांना जाऊन बसायचा. पहिल्यांच्या प्रत्येक फेरीनं विरोधकांच्या हाती नवा पुरावा पडे. वाटा उघडून घेतल्या त्या दुसऱ्यांनी.

१९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाच क्लबांनी एकत्र येऊन ‘इंटरनॅशनल माउंटन बाइसिकलिंग असोसिएशन’ स्थापन केली. त्यांची रीत साधी होती. आधी जमीन कुणाची ते शोधा. एकाच डोंगरावर पाणीपुरवठा मंडळ, राज्याचं उद्यान आणि राष्ट्रीय उद्यान अशा तिघांच्या हद्दी, नि तिघांचे नियम वेगळे. मग लेखी मागणी करा. जाहीर सभेत बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात, तेवढ्यात नेमकी एकच वाट मागा. आणि मागण्याआधी कुदळ हातात घ्या.

कुदळीचं हे काम मला सर्वांत शिकवणारं वाटलं. वाटेचा खरा शत्रू पाणी. डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त झाला, तर पाणी वाटेवरूनच धावतं आणि तिचा ओढा होतो. १९९४ मध्ये मोंटानातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ओल्या वाटेवरची माती चाकांपेक्षा खुरांनी आणि पावलांनी अधिक सुटी होते, असं त्यात दिसलं. पण नुसता असा कागद दाखवून कुणाचं मन वळत नाही. चिखलात शेजारी उभं राहून चर खणणाऱ्याशी भांडणं मात्र अवघड जातं.

शिस्तही आली. पायी चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी वाट द्यायची. समोर घोडा आला तर उतरून उताराच्या बाजूला थांबायचं आणि काहीतरी बोलायचं. आवाज ऐकला की हेल्मेटखालचा प्राणी माणूसच आहे हे घोड्याला कळतं! लेक टाहोजवळच्या टाहो रिम ट्रेलच्या एका टप्प्यावर तर तोडगा निघाला तो तारखांचा. सायकली फक्त सम तारखांना. विषम तारखेला चालणारे निर्धास्त.

सगळं मिळालं असं नाही. १९६४ च्या वनप्रदेश कायद्यानं राखलेल्या रानांत सायकलला आजही बंदी आहे, आणि टॅमलपायसवरचा वादही अनेक दशकं चालत राहिला.

आपल्या सह्याद्रीतही आता अशा सायकली दिसू लागल्या आहेत. इथल्या वाटा गुराख्यांच्या, मोळीवाल्यांच्या, देवदर्शनाला जाणाऱ्यांच्या. जमीन कुठं वनखात्याची, कुठं गायरान, कुठं खासगी. पाटी लागल्यावर आरडाओरडा करण्यापेक्षा ती लागण्याआधी ग्रामसभेत आणि वनाधिकाऱ्यांकडे जाऊन बसलेलं बरं. बंद झालेली वाट उघडायला फार वर्षं लागतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)