गिर्यारोहण : धूर, मद्य आणि प्रायोजक
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



गोमतीच्या सपाट काठावर राहणाऱ्या आम्ही गिर्यारोहणाविषयी बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु जेथे १९६५ साली नेहरू गिर्यारोहण संस्था स्थापन झाली, ते उत्तरकाशी २००० सालापर्यंत याच उत्तर प्रदेशात होते. आणि सह्याद्रीचे गड तर आपण मनात घेऊनच येथे आलो आहोत.

आमच्या तरुणांच्या हिमालय-शिबिराचा सर्व खर्च एका पानमसाल्याच्या व्यापाऱ्याने देऊ केला. अट एकच : मुलांच्या जाकिटांवर त्याच्या मालाचे नाव असावे. कार्यकारिणीत दोन तट पडले.

एके काळी आरोहकास धूर वर्ज्य नव्हता. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी सुमारे २५,५०० फुटांवरील तंबूत सिगारेट ओढली आणि तिने श्वास सुलभ होतो, असे नमूद केले. फिंच स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते! आजचे वैद्यक निराळे सांगते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो; निकोटिनने बोटांतील रक्तवाहिन्या आकुंचित होऊन हिमदंशाचे भय वाढते. मद्याने ऊब आल्याचा केवळ भास होतो. प्रत्यक्षात अंगातील उष्णता बाहेर जाते आणि झोपेतील श्वसन मंदावते.

पैशाविषयीची दृष्टी मात्र उलट दिशेने बदलली. त्या काळच्या मोहिमांनीही वृत्तांताचे हक्क लंडनच्या ‘टाइम्स’ला विकले होते, तथापि अंगावर मालाचे नाव मिरविणे त्या पिढीस खचितच रुचले नसते. आज साहाय्य घेण्यात कमीपणा उरलेला नाही, आणि ते योग्यच आहे. २०११ साली लखनौहून दिल्लीस निघालेल्या अरुणिमा सिन्हा यांना धावत्या गाडीतून ढकलले गेले व त्यांनी एक पाय गमावला. टाटा स्टीलच्या साहाय्याने आणि बचेंद्री पाल यांच्या मार्गदर्शनाखाली २१ मे २०१३ रोजी त्या एव्हरेस्टवर पोहोचल्या. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची २०१२ ची एव्हरेस्ट मोहीमही समाजाच्या देणग्यांवर उभी राहिली.

तेव्हा प्रश्न पैसा घेण्याचा नाही. कोणाचा आणि कशाच्या मोबदल्यात घ्यावा, हा आहे. १९९६ चा क्रिकेट विश्वचषक एका सिगारेटच्या नावाने खेळला गेला. २००३ च्या कायद्याने तंबाखूचे प्रायोजकत्व निषिद्ध ठरले. मग परिचित नावे पानमसाल्याच्या पुड्यांवरून पुढे आली.

“पैशाला वास नसतो, मुले हिमालय तरी पाहतील,” हे काही सभासदांचे म्हणणे आम्ही क्षुल्लक मानत नाही. तरीही आम्ही नकार दिला. ज्या श्वासाच्या बळावर मुले चढणार, त्याच्याच वैऱ्याचे नाव त्यांच्या छातीवर शोभले नसते. वर्गणीतून जमले तेवढ्या पैशांत बारांऐवजी पाचच मुले गेली. उरलेल्या सात घरी जाऊन कारण सांगताना आमची मान ताठ नव्हती. कारण आमच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचे मलपृष्ठ सिगारेटच्याच जाहिरातीने सजले होते.

या स्मरणिकेत तशी जाहिरात नाही. त्यामुळे पडलेली तूट आणि राहिलेली सात मुले, दोन्ही आता आपल्या पदरी आहेत. पुढील उन्हाळ्यापूर्वी आपण सर्वांनी यथाशक्ती हातभार लावावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.