एकच जीव, अनेक बोली
(वार्षिक संमेलनातील भाषण)



'साहित्यातील मानवी आत्म्याची एकता' हा आजचा विषय ऐकायला भारदस्त आहे; पण त्यामागचा प्रश्न आपल्या घरातलाच आहे. मुलगा मराठी पुस्तकांत रमला तर तो आपला राहील काय, अशी काही पालकांना धास्ती वाटते. उर्दूत वेळ घालविला तर मुलगी मागे पडेल, असे दुसऱ्यांना वाटते. या दोन्ही शंकांचे उत्तर साहित्यातच आहे.

कुरआन शरीफमधील सूरह निसाच्या पहिल्याच आयतीचा आशय असा की, अल्लाहने सर्व माणसांना एकाच जिवापासून निर्माण केले. तेथील शब्द आहेत 'नफ्से वाहिदा'. सूरह हुजुरातमध्ये असा आशय येतो की, माणसांच्या जमाती आणि कबिले केले ते एकमेकांची ओळख व्हावी म्हणून. मूळ एक, रूपे अनेक, आणि त्यांना जोडणारी गोष्ट ओळख! साहित्याचे काम तरी याहून निराळे कोणते?

पैठण आपल्याला परके नाही. तेथील संत एकनाथांनी सोळाव्या शतकात 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड रचले. त्यात दोघे कडाडून भांडतात, एकमेकांच्या रीतीभातींतील उणी काढतात आणि अखेर त्यांच्यात सलोखा होतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, नाथांनी तुर्काला त्याच्या दक्खिनी वळणाच्या बोलीत बोलू दिले आणि त्याचे आक्षेप झाकून ठेवले नाहीत. दुसऱ्याची बाजू त्याच्याच बोलीत लिहावयाची, तर घटकाभर त्याच्या अंतःकरणात शिरावे लागते.

श्रीगोंद्याचे शेख महंमद हे तर आपल्याच समाजातले. त्यांनी १६४५ साली 'योगसंग्राम' हा मराठी ओवीबद्ध ग्रंथ पूर्ण केला. माणसाने स्वतःच्या मनातील विकारांशी द्यावयाच्या झुंजीचा हा ग्रंथ. सूफी मंडळी या झुंजीला 'जिहादे-नफ्स' म्हणतात. आपण मुसलमान आहोत हे शेख महंमदांनी काव्यात लपविले नाही आणि मराठीला परकेही मानले नाही. महाराष्ट्राने त्यांना संत म्हणून मान दिला.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण पाहा. प्रेमचंद हिंदू घरात जन्मले, उर्दू आणि हिंदी दोन्हींत लिहीत. त्यांच्या 'ईदगाह' कथेतला पोरका हामिद ईदच्या जत्रेत खेळणी, मिठाई सारे सोडून आपल्या तीन पैशांत चिमटा विकत घेतो. का? तर रोटी भाजताना आजी अमीनाची बोटे पोळतात म्हणून! आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. आईबाप फडावर जातात आणि कितीतरी लेकरे आजीपाशी राहतात. त्या लेकरांत हामिद आहेत. कुणाचे नाव सलीम असेल, कुणाचे संतोष. आजीची पोळलेली बोटे मात्र सारखीच दुखतात.

आत्मा एक आहे याचा अर्थ सर्वांनी एकसारखे व्हावे असा नव्हे. हामिदची ईद काढून घेतली तर गोष्टच उरत नाही. आपला दीन, आपली जबान, आपला रीतिरिवाज घट्ट धरूनच आपण दुसऱ्याच्या दारात जाऊ शकतो. ज्याला स्वतःचे घर आहे, तोच पाहुणा होऊ शकतो.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. घरात एक उर्दू आणि एक मराठी अशी दोन पुस्तके आणा, आणि ती मुलाबरोबर मुलीच्याही हाती द्या. विद्यार्थी मित्रांनो, वाचा आणि लिहाही. तुमच्या मोहल्ल्यातील घरांचे सुखदुःख मराठीत उतरले नाही, तर शेजारच्या आळीला ते कळणार कसे? आपली ओळख दुसऱ्यांनी ऐकीव गोष्टींवरून करून घ्यावी, की आपल्या लेखणीतून, हे तुमच्या हाती आहे.

अल्लाह आपल्या मुलांच्या लेखणीत बरकत देवो, एवढे बोलून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.