कृतीतले समाधान : घरोटापासून ग्रंथापर्यंत



सुरतेची तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून या शहरापलीकडे समुद्राला मिळते. वाटेत ती खानदेश भिजवते. तिच्या खोऱ्यातून धावणाऱ्या तापी व्हॅली रेल्वेने खानदेशातील असंख्य मराठी कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेला आली. लिंबायत, उधना या भागांत आजही खानदेशी बोली कानी पडते. नित्याच्या कामातले समाधान हा आजचा विषय. त्या विषयावर बोलण्याचा खरा अधिकार याच तापीच्या खोऱ्यातील एका निरक्षर शेतकरी स्त्रीकडे जातो. ती स्त्री म्हणजे बहिणाबाई चौधरी.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या असोद्याचा. लहान वयात लग्न झाले, ऐन तारुण्यात वैधव्य आले आणि शेत, घर, मुले यांचा भार एकटीवर पडला. अक्षरओळख कधी झाली नाही. काम करता करता त्या गाणी रचीत. पुत्र सोपानदेव आणि आप्तांपैकी पितांबर चौधरी यांनी त्यांतली काही कागदावर उतरवून घेतली. १९५१ साली त्या वारल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. जे उतरवले गेले नाही ते वाऱ्यावर गेले. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव देण्यात आले, त्या कवयित्रीने स्वतःच्या संग्रहाचे पुस्तक पाहिलेच नाही.

त्यांच्या कवितांची नावे नुसती वाचली तरी एक गोष्ट ध्यानात येते. पेरनी, कापनी, रगडनी, उपननी. ही सारी कृतींची नावे आहेत. धान्याची रास आणि तिचे आलेले दाम यांच्या आधीचा जो लांबलचक, घामाचा प्रवास असतो, त्याच्या एकेका मुक्कामावर बहिणाबाई थांबतात आणि तो मुक्काम डोळे भरून पाहतात. उपणणीला वारा लागतो. वारा पडला की सूप हातात घेऊन उभे राहणे एवढेच उरते. अशा वेळी ते थांबणेदेखील कामातच जमा होते. हे ज्याला उमगले त्याचा दिवस कामाने भरतो. ज्याला उमगले नाही त्याचा दिवस कामात वाया जातो.

‘घरोट’ या त्यांच्या कवितेचे नाव तर थेट जात्याचेच. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. दळणाऱ्या स्त्रीचा एक हात खुंट्यावर असतो, दुसरा मुठीने वैरण घालीत असतो. मूठ मोठी पडली तर पीठ जाडे येते. लहान पडली तर दगडावर दगड घासतो. फेऱ्यांची गती, मुठीचे माप आणि पिठाचा पोत यांचा मेळ बसला की हात आपोआप चालतो आणि मन मोकळे होते. त्या मोकळ्या झालेल्या मनात ओवी येते. ओवीची लय जात्याच्या फेरीशी बांधलेली असते, ती याचसाठी. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. त्या रचणाऱ्या बहुतेक बायांनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. इतके मोठे काव्य हातातले काम न थांबवता निर्माण झाले, ही गोष्ट प्रतिभेविषयीच्या आपल्या अनेक कल्पना तपासून पाहायला लावणारी आहे.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. पहाटे अंधारात उठून दळणारी स्त्री गात होती, म्हणून ती सुखी होती असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि सोयीचेही आहे. त्या ओव्यांत माहेरची ओढ आहे तसे सासरचे काचही आहेत. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायांनी जात्यासाठी डोळ्यांतून पाणी काढल्याचे फारसे ऐकिवात नाही. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि ते योग्यच झाले. श्रमाचे गोडवे गाणारा बहुधा तो श्रम करणारा नसतो.

मग समाधान कशात होते? त्याचे उत्तर जात्याच्या रचनेतच सापडते. जात्याची गती दळणारीच्या हातात असते. ती दमली तर सावकाश ओढील, गाणे रंगले तर वेगाने ओढील. शिवाय जात्याला समोरासमोर दोघी बसू शकतात आणि एकाच खुंट्याला दोन हात लागू शकतात. जनाबाईबरोबर विठ्ठल दळायला बसला, ही कथा मराठी मनाने सातशे वर्षे उराशी धरली, तिचे मर्म हेच असावे. देवाने जनाबाईचे जाते नाहीसे केले नाही. तो समोर येऊन बसला. आपली गती आपल्या हाती असणे आणि भार वाटून घेणारे कोणी समोर असणे, या दोन गोष्टी असतील तर कामात समाधान वस्तीला येते. त्या नसतील तर उपदेशाने ते येत नाही.

सुरतेत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. या शहरात यंत्रमागावर बारा बारा तासांची पाळी करणारे खानदेशी, ओडिया आणि इतर प्रांतांचे हजारो कामगार आहेत. मागाचा ठोका कामगाराच्या हाताने चालत नाही. हाताला त्या ठोक्यामागे धावावे लागते. त्या खडखडाटात गाणे गुणगुणले तरी ते गाणाऱ्यालाच ऐकू येत नाही. अशा माणसाला कामातच आनंद मान असे सांगणे ही थट्टा होईल. पण तोच माणूस सुटीच्या दिवशी घरी असतो आणि घरात खापरावरचे मांडे होतात, तेव्हा चित्र पालटते. पुरण भरलेली कणीक पोळपाट-लाटण्यावाचून दोन्ही हातांवर झुलवीत झुलवीत मोठी करायची आणि उपड्या खापरावर अलगद टाकायची, हे काम घाईला जुमानत नाही. मांडा फाटला तर पुन्हा गोळा करावा लागतो. करणारी तन्मय होते, पाहणारेही तन्मय होतात. मात्र या समाधानाला एक अट आहे : पुरण वाटायला आणि चूल सांभाळायला घरातले इतर हातही पुढे आले पाहिजेत. एरवी तो सण घरातल्या एकीच्या कंबरेवर साजरा होतो.

घरातल्या कामाला जो नियम तोच लेखनाला. याची साक्ष सुरतच देईल. कवी नर्मद यांनी १८५८ साली शिक्षकाची नोकरी सोडली आणि लेखणीच्या आधारे जगण्याचा निश्चय केला. त्यांचा ‘नर्मकोश’ हा गुजराती शब्दकोश १८७३ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. कोशाच्या कामात कळसाचा क्षण येत नाही. पहिल्या शब्दाला जी काळजी, तीच शेवटच्या शब्दाला. रोज काही शब्द पारखायचे, अर्थ लावायचे, पुढे जायचे. एका अर्थी हेही दळणच. त्या कामाने नर्मदांचे घर चालले नाही. कर्ज झाले आणि १८८२ साली त्यांना पुन्हा नोकरी धरावी लागली. समाधानाने पोट भरत नाही, हे त्यांच्या आयुष्याने दाखविले. पोट भरण्यापलीकडे माणसाला आणखी काही हवे असते, हेही त्यांनीच दाखविले.

त्यांच्याही आधी, १८४४ साली, दुर्गाराम मेहताजींसह याच शहरात मानवधर्म सभा स्थापन करणारे दादोबा पांडुरंग हे मराठीचे व्याकरणकार. त्यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. पण पुस्तक छापून झाल्यावर काम संपले असे त्यांनी मानले नाही. पुढील आवृत्त्यांत ते त्यात भर घालीत राहिले. ग्रंथ हे फळ असते खरे, पण लिहिणाऱ्याचे आयुष्य मात्र लिहिण्यात गेलेले असते.

ज्ञानदेवांनी अठराव्या अध्यायात स्वकर्माला ईश्वराच्या पूजेतील फुलांची उपमा दिली आहे. फूल रोज नवे खुडावे लागते; कालचे आज चालत नाही. ग्रंथालयाचे कामही तसेच. आलेल्या पुस्तकाची नोंद करणे, त्यावर क्रमांक घालणे, फाटलेली पाने चिकटविणे, बांधणी करवून घेणे, परत आलेले पुस्तक पुन्हा आपल्या जागी ठेवणे. वृत्तपत्रांत यातले काहीच छापून येत नाही. शताब्दीचा समारंभ एका दिवसाचा असतो. त्याच्या मागे मात्र कपाटे उघडण्याच्या आणि मिटण्याच्या हजारो संध्याकाळी असतात. मराठीच्या सीमेबाहेर, परभाषेच्या शहरात, हे काम शंभर वर्षे चालले, कारण ते करणाऱ्यांना ते करण्यातच काही लाभत होते आणि खुंट्याला दुसरा हात लावणारे वाचक समोर बसलेले होते.

तो दुसरा हात यापुढेही लागत राहिला पाहिजे. वर्गणी भरण्याने तो लागतोच. त्याहून अधिक तो पुस्तक सावकाश, पानापानावर रेंगाळत वाचण्याने लागतो.